पावडर निवेपर्यंत

शनिवारी सकाळी वामनरावांनी शेडचं दार उघडलं, तेव्हा फळीवर रचून ठेवलेल्या चाळीसच्या चाळीस पिशव्या फुगल्या होत्या. आदल्या संध्याकाळी त्या विटांसारख्या चपट्या होत्या, एकावर एक नीट बसलेल्या. आता एकेक पिशवी टम्म झाली होती आणि वरची रांग घसरून भिंतीला टेकली होती. ते बघत असतानाच एक पिशवी फळीवरून गडगडली, खाली पडली आणि फट्ट करून फुटली. कपडे धुण्याची करडी पावडर फरशीवर सांडली.

वामनराव दचकले नाहीत. बायको गेल्यापासून, म्हणजे गेले अडीच महिने, त्यांना दचकायला झालंच नव्हतं. गल्लीत फटाके वाजले, कुकरची शिट्टी झाली, फोन वाजला, सगळं कापसाच्या गाठोड्यापलीकडून आल्यासारखं येई. हे आपल्या हातून झालं, एवढं त्यांना समजलं. पण समजणारा माणूस वेगळाच कुणी असावा आणि आपण त्याच्या शेजारी नुसतं उभं असावं, तसं समजलं.

मागून सून आली. कामिनीच्या हातात झाडू होता.

"मामाजी, आवाज कायचा झाला?" तिनं विचारलं आणि मग फळीकडे पाहिलं. "अगं बाई! हे काहून असं?"

"गॅस झाला आतमधी."

"गॅस? पेटून-बिटून जाते का काय?"

"पेटत नाही. थंड्या सोड्याच्या बाटलीत जो असते, तोच हाये."

"अन् अकरा वाजता यमुताई येतीन ना घ्यायले!"

"हाव," वामनराव म्हणाले. कामिनीनं सांडलेली पावडर सुपलीत भरायला सुरुवात केली, तेव्हा ते बाजूला सरकले. तेवढंच त्यांच्यानं झालं.

नंदनवनातल्या घरामागची ही पत्र्याची शेड त्यांच्या बायकोची, भागीरथेची होती. वामनराव तीस वर्षं एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. बाटल्या धुवायच्या, ब्युरेट भरून ठेवायच्या, पोरांनी फोडलेल्या काचा वेचायच्या. बी.एस्सी.ला दोनदा बसले आणि दोनदा त्याच पेपरात राहिले, त्यामुळे स्वतःच्या कुठल्याही वाक्याची त्यांना कधी खात्री वाटली नाही. वाचत मात्र सतत. लायब्ररीनं रद्दीत काढलेली पुस्तकं ते पिशवीतून घरी आणत आणि कव्हर घालून ठेवत. त्यातल्याच एका पुस्तकातून बावीस वर्षांपूर्वी त्यांनी बायकोला धुण्याच्या पावडरीची कृती सांगितली. सांगताना "मले वाटते" हे चारदा तरी म्हणाले असतील.

भागीरथा पारशिवनीकडची. नदीच्या मऊ पाण्यात धुणं धुतलेली बाई. नंदनवनातल्या बोअरच्या पाण्यानं तिचं डोकं फिरवलं होतं. तुरीची डाळ शिजत नसे आणि साबण फेस धरायच्या आधीच दह्यासारखा फुटे. वामनरावांनी सांगितलं, की या पाण्यात चुना विरघळलेला असतो आणि साबण त्याच्याशी झुंजूनच संपून जातो, कापडापर्यंत पोचतच नाही. पाण्यात धुण्याचा सोडा टाकला, की तो चुना खडूच्या भुकटीसारखा खाली बसतो. आणि साबणाऐवजी स्लरी घ्यायची. स्लरी म्हणजे काकवीसारखं दाट, तपकिरी, नाकात जाणारं ॲसिड. ती सोड्यावर ओतली की दोघांचं मिळून जे तयार होतं, ते मळ काढतं. त्याच्या एकेका रेणूला एक डोकं असतं आणि एक लांब शेपूट. डोक्याला पाणी आवडतं, शेपटाला तेल. शेपूट मळात रुततं, डोकं पाण्याकडं ओढतं आणि मळाला कापड सोडावं लागतं.

"म्हणजे माह्यासारखं," भागीरथा म्हणाली होती. "डोकं इथी, शेपूट पारशिवनीले."

"तसं म्हणता येत नाही वं. मले वाटते, ते..."

"येते म्हणता," ती म्हणाली आणि सोडा आणायला इतवारीच्या बाजारात निघून गेली.

तिची पावडर आधी गल्लीत आणि मग चार गल्ल्यांत माहीत झाली. लोक आपापले डबे घेऊन येत. मुलींचं एक वसतिगृह सांभाळणाऱ्या यमुताई दर महिन्याला दोन मोठे पिंप घेऊन रिक्षा धाडत. भागीरथा गेली तेव्हा तिनं करून ठेवलेले पाच-सहा पिंप शेडमध्ये भरलेले होते, आणि पावडर तिच्यानंतरही तशीच जात राहिली. शेवटच्या पिंपाचा तळ गुरुवारी लागला.

मुलाला शेड नको होती. जितेंद्र कळमेश्वरला एका कारखान्यात मशीनवर होता. वाईट मुलगा नव्हता. "बाबा, तुमचं वय हाये का ॲसिड हाताळायचं? आई होती तवा गोष्ट वेगळी," असं तो म्हणाला होता आणि सोमवारी पत्रेवाल्याला बोलावलं होतं. शेड मोडायची आणि तिथं गाडी उभी करायची. कामिनीला ते नको होतं. सासूच्या हाताखाली तिनं चार वर्षं चाळणी धरली होती. नवरा-बायकोचं त्यावरून बरंच झालं आणि शेवटी जितेंद्र म्हणाला, "ठीक हाये. तुम्ही दोघं करून दाखवा. यमुताईनं नेलं तर पत्रेवाल्याले मीच नाही म्हणून सांगतो."

वामनराव त्या भांडणात तिथंच बसले होते. शेड राहावी असं त्यांना वाटत होतं का? वाटत असावं. पण ते वाटणं कुठं आहे, ते त्यांना सापडत नव्हतं.

शुक्रवारी दोघांनी पावडर केली. मापं वामनरावांच्या वहीत होतीच. या खेपेला पिंपाऐवजी पिशव्या द्यायच्या म्हणून कामिनीनं पिशव्यांची तोंडं चिकटवायचं छोटं यंत्र आणलं होतं. दुपारी चार वाजता तिनं विचारलं, "मामाजी, आजच भरू का पिशव्या?" त्यांनी ढिगावर तळवा टेकवला. डिसेंबरची थंडी होती. ढीग गार लागला. "भर," ते म्हणाले. गेल्या अडीच महिन्यांत त्यांना कुणी काहीही विचारलं, तरी ते असंच एका शब्दात हो म्हणून मोकळे होत.

यमुताई अकराला पाच मिनिटं कमी असतानाच आल्या. जाड भिंगाचा चष्मा, पायात बूट, आणि वसतिगृहाच्या जिन्यात घडवलेला आवाज.

"वामनराव, हे पावडर होय का पुऱ्या तळल्या तुम्ही?"

स्वतःच हसल्या. मग वामनरावांचा चेहरा पाहून थांबल्या. एक पिशवी कात्रीनं कापली, तर आतून फुस्स करून हवा आली. चिमूटभर पावडर तळव्यावर घेऊन त्यांनी वर पाण्याचा थेंब टाकला आणि बोटानं चोळलं.

"चुरचुरते," त्या म्हणाल्या. आता आवाज खाली आला होता. "माह्या पोरी हातानं धुतात वामनराव. इतक्या वर्षांत भागीरथाबाईच्या पावडरीनं एकीच्याही हाताले काही झालं नाही. म्हणून तर एवढ्या लांबून माणूस धाडत होती मी."

"चुकलं माझं," वामनराव म्हणाले.

"चुकू द्या हो, चुकते माणूस. पण पोरींचे कपडे पडून राहिले. सोमवारी सकाळी नऊपर्यंत थांबते मी. नाही झालं तर दुकानातलं आणते. अन् एकदा दुकानाची सवय लागली का मंग पोरी इकडं फिरत नाहीत, हे आताच सांगून ठेवते."

त्या गेल्यावर वामनराव घरात आले आणि ते जुनं पुस्तक काढलं. पान त्यांना पाठ होतं, तरी वाचलं. आम्ल आणि सोडा यांची अभिक्रिया तात्काळ पूर्ण होते. त्यांनी ते तीनदा वाचलं. आपलं इंग्रजी कच्चं असेल, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. मग ते शेडमध्ये परत गेले, फुटलेल्या पिशवीतला एक खडा उचलला आणि नखानं फोडला. बाहेरून तो पांढरट होता. आत, मधोमध, तपकिरी आणि चिकट. घाईनं तळलेला गुलाबजाम आतून कच्चा राहतो, तसा.

त्यांनी दुसरा फोडला. तोही तसाच.

पुस्तकातलं सगळं पाण्यात चाललं होतं. चंचुपात्रात काचेच्या कांडीनं ढवळलं की सगळं सगळ्याला भेटतं. इथं ढीग होता. स्लरीचा थेंब सोड्यात पडला की त्याच्याभोवती लगेच कवच धरतं आणि आतली स्लरी तिथंच अडकून राहते. मग ती हळूहळू, तासन् तास, आतल्या आत सोडा खात बसते आणि गॅस सोडत राहते. मोकळ्या ढिगातून तो निघून जातो, कुणाच्या लक्षातही येत नाही. पिशवीत जायला जागा नसते.

"आई ढिगावर जुनं लुगडं टाकायच्या," मागं उभी असलेली कामिनी म्हणाली. "म्हणायच्या, झोपू दे त्याले."

वामनरावांना आठवलं. आणि त्यावर आपण काय म्हणालो होतो, तेही आठवलं. पहिल्याच वर्षीची गोष्ट. ते हसले होते आणि म्हणाले होते, "झालं ते सगळं. आता त्यात काही होत नाही." आयुष्यात "मले वाटते" न लावता बोललेलं बहुधा ते एकच वाक्य होतं, आणि तेच चुकीचं निघालं. भागीरथेनं वाद घातला नव्हता. लुगडं मात्र टाकत राहिली, बावीस वर्षं.

"किती वेळ झोपू द्यायची?" त्यांनी विचारलं.

"तेच तर. कधी सकाळीच उठवायच्या, कधी दुसऱ्या दिवशी दुपार व्हायची. हात घालून पाहायच्या."

"हात तर मीबी लावला होता."

"तुम्ही वरून लावला मामाजी. त्या आत घालायच्या. पार मनगटापर्यंत."

वामनरावांनी हातातला खडा फळीवर ठेवला, जणू तो कुणाला परत द्यायचा होता.

भागीरथा गेली ती दुपारी, झोपेतच. शेजारच्या इंदूबाई आधी धावत आल्या, मग बाकीचे. इंदूबाई खाटेपाशी बसून म्हणाल्या होत्या, "वामनराव, या ना, हात लावून पाहा. आंग गरम हाये अजून." वामनराव दारात उभे होते. त्यांना जाता आलं नाही. आपल्याला त्यातलं काय कळतं, असं त्यांना वाटलं. आपण हात लावू आणि काहीतरी भलतंच समजून बसू. जितेंद्र कळमेश्वरहून येईपर्यंत ते दारातच उभे राहिले. मग जितेंद्रनं हात लावला. नंतर पुढचं सगळं झालं, लोकांनी त्यांना इकडं बसवलं, तिकडं बसवलं, आणि ते बसले.

रविवारी सकाळी त्यांनी पुन्हा सोडा चाळला. फरशीवर ढीग केला आणि मधे आळं केलं, कणकेत पाणी घालायला करतात तसं. जितेंद्रची सुट्टी होती. तो चहाचा कप घेऊन दारात उभा राहून बघत होता.

"आमच्या कंपनीत याले मशीन हाये. वरून बटन दाबलं का काम खलास."

"मग दाब ना बटन," कामिनी म्हणाली. "उभा काहून हायेस? का सुट्टीच्या दिवशी बोट दुखते?"

जितेंद्रनं कप खिडकीत ठेवला, रबरी हातमोजे चढवले आणि वडिलांच्या हातातला स्लरीचा कॅन घेतला. "सरका बाबा."

"बारीक धार धर," वामनराव म्हणाले. "एकदम नको."

धार पडली तसा ढीग सळसळायला लागला. कडेकडेनं फसफसला, मधून वर आला. उग्र वासाची ऊब तोंडावर आली. कामिनी फावड्यानं वरखाली करत होती. पावडर तपकिरी झाली, गोळे धरले, ते चाळणीवर घासून फोडले. तासाभरानं तिघांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. जितेंद्र बायकोकडं बघून म्हणाला, "म्हातारी झाली वं तू," आणि तिनं त्याला फावडं दाखवलं. वामनरावांनी हे ऐकलं. यावर हसतात, हे त्यांना माहीत होतं.

मग कामिनीनं कोपऱ्यातल्या खुंटीवरचं लुगडं काढलं. हिरवं, विटलेलं, काठाशी विरलेलं. ते तिनं ढिगावर अंथरलं आणि चारी बाजूंनी खोचलं. फळीवरून एक लहान बाटलीही खाली काढली.

"जवसाचं तेल. त्या हाताले लावायच्या, हात घालायच्या आधी."

दुपारी वामनरावांनी उजव्या हाताला तेल लावलं, लुगड्याचा कोपरा उचलला आणि हात आत घातला. वर ढीग कोमट होता. बोटं आत गेली तशी ऊब वाढत गेली आणि मनगटाशी आली तेव्हा चांगलाच चटका बसला. त्यांनी हात काढला नाही, थोडा वेळ तसाच ठेवला. मग काढला, पुसला, आणि स्टुलावर बसून राहिले. संध्याकाळी पुन्हा पाहिलं. वर गार. आत गरम. शुक्रवारी आपण इथंच फसलो, हे त्यांना आता हातानं कळत होतं.

सोमवारी सकाळी आंघोळीआधीच ते शेडमध्ये आले. पावडरीचा तपकिरी रंग गेला होता, ती दुधाळ दिसत होती. कडेला अगदी थंड. त्यांनी मधे हात घातला. थंड, थंड, आणि मग तळाशी, बोटांच्या टोकांना, थोडीशी ऊब. फार नाही. तान्ह्या मुलाच्या तळव्याला असते तेवढी.

नऊला यमुताईंची रिक्षा आली. त्याच वेळी मोटारसायकलवर पत्रेवालाही आला आणि शेडकडं बघत टेप काढायला लागला. जितेंद्र कामावर जायला निघालेला, डबा हातात घेऊन मधेच थांबला.

"काय वामनराव?" यमुताईंनी विचारलं. "भरायचं का पिंप?"

कामिनी त्यांच्याकडं बघत होती. पावडर दिसायला उत्तम झाली होती. कुणालाही कळलं नसतं. पिंप उघडेच असणार होते, फुगायचा प्रश्न नव्हता. एक शब्द म्हणायचा होता, गेले अडीच महिने म्हणत होते तोच.

"नाही," वामनराव म्हणाले. "झालं नाही अजून. आत गरम हाये."

"अहो, नऊचं बोललो होतो आपण."

"दुपारी न्या. आता देत नाही मी."

आपल्याच आवाजानं ते जरा चकित झाले. यमुताईंनी चष्मा वर सरकवला, ढिगावरच्या लुगड्याकडं पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"भागीरथाबाईनं दोनदा अशीच रिकामी रिक्षा परत लावली होती मले," त्या म्हणाल्या. "एकदा तर भांडले मी तिच्याशी. दोन वाजता धाडते. पण दोन म्हणजे दोन." आणि रिक्षावाल्याला हाक मारली, "चल रे बाप्पा."

जितेंद्रनं डबा डिकीत ठेवला, मग पत्रेवाल्याकडं गेला आणि म्हणाला, "भाऊ, दोनच्या नंतर फोन करतो तुले." पत्रेवाल्यानं टेप गुंडाळली आणि थोडा कुरकुरत गेला.

वामनराव स्टुलावर बसले. अकराला हात घातला. साडेबाराला घातला. प्रत्येक वेळी ऊब आणखी खाली गेलेली असे, आणखी बारीक झालेली. कामिनी मधे येऊन भाकरीचं ताट ठेवून गेली. त्यांनी डाव्या हातानं खाल्लं.

दीडला त्यांनी पुन्हा तेल लावलं आणि हात आत घातला. बोटं. तळवा. मनगट. फरशीपर्यंत. वर जेवढं थंड होतं, तेवढंच आत होतं. कुठंच काही चाललेलं नव्हतं. त्यांनी बोटं हलवून पाहिली, इकडं, तिकडं, आणि सगळीकडं तेच लागलं. यात चुकीचं समजण्यासारखं काही नव्हतं. ते अगदी सरळ कळत होतं.

त्यांनी हात काढला नाही.

"मामाजी?" कामिनी दारातून म्हणाली. "थंड झालं?"

"हाव."

ती थांबली. ते तसेच उकिडवे बसलेले, लुगडं एका बाजूला, हात कोपरापर्यंत ढिगात.

"झालं ते," वामनराव म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "ये. तू पाहून ठेव. वरून नको लावू. आत घाल."

कामिनीनं बाटलीतलं तेल तळव्यावर घेतलं आणि त्यांच्या शेजारी बसून हात आत घातला.

दोनला रिक्षा आली. दोन्ही पिंप भरले गेले. यमुताईंनी तळव्यावर थेंब टाकून पावडर चोळली, वास घेतला आणि नुसती मान हलवली. पिंप निघाल्यावर कामिनीनं जितेंद्रला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "नेलं. सांगून दे त्याले." मग तिनं लुगडं झटकलं, घडी घातली आणि खुंटीवर टांगलं.

वामनराव अंगणातल्या नळापाशी गेले. उजव्या हाताला अजून तेल होतं आणि त्यावर पावडर बसली होती. पाणी पडताच फेस आला, बोअरच्या पाण्यातही, दाट. बोटं बुळबुळीत लागत होती. त्यांनी हात उलटा केला, सुलटा केला. फेस वाहून जात होता आणि पुन्हा येत होता. तेल पूर्ण निघेपर्यंत ते तिथंच उभे राहिले. नळ चालू होता. पाणी फार थंड आहे, हे त्यांना बऱ्याच वेळानं जाणवलं.